पॉपॉ : सीताफळाचं बर्फातलं भावंड

ओहायो, केंटकी, व्हर्जिनिया, मेरीलँड. पूर्व अमेरिकेतल्या या राज्यांत सप्टेंबरच्या मध्यावर नदीकाठच्या रानात शिरलात, तर पायाखाली हिरवट-पिवळी, लांबट फळं पडलेली दिसतात. एखादं उचलून कापलं की आत पिवळाधमक मऊ गर आणि त्यात दोन रांगांत बसलेल्या गडद तपकिरी, चकचकीत, टपोऱ्या बिया. मराठी माणसाला बिया बघताच ओळख पटते. हे तर सीताफळाच्या घरातलं! आणि ते अगदी खरं आहे. या फळाचं नाव पॉपॉ. (ऑस्ट्रेलियात पपईला पॉपॉ म्हणतात, तिचा इथे संबंध नाही.)

अमेरिकेत मूळची असलेली आणि झाडावर लागणारी जी खाण्याची फळं आहेत, त्यांत हे सर्वांत मोठं. तरीही असंख्य अमेरिकनांनी ते कधी चाखलेलं नाही, कित्येकांनी नावही ऐकलेलं नाही. मला वाटतं, या फळाचं मोल चटकन कळेल ते सीताफळावर वाढलेल्या माणसाला. बाजार पॉपॉला जी जी नावं ठेवतो, म्हणजे लवकर मऊ पडतं, बिया फार, दोन दिवसांत काळं होतं, ती सगळी आपण सीताफळात पिढ्यान्‌पिढ्या आनंदाने चालवून घेतली आहेत.

घराणं उष्ण, वस्ती थंड

सीताफळ, रामफळ, लक्ष्मणफळ, हनुमानफळ हे सगळं एकच कुळ. दारातला हिरवा चाफा याच कुळातला. सोसायटीच्या कुंपणालगत सरळसोट उभा असलेला उंच अशोकही याच कुळातला. दोन हजारांहून जास्त जाती आणि जवळपास सगळ्या उष्ण प्रदेशातल्या. त्यातली एक शाखा उत्तरेकडे सरकली आणि थंडीत रुळली. असिमिना हे त्या शाखेचं शास्त्रीय नाव, आणि असिमिना ट्रायलोबा म्हणजे आपलं पॉपॉ. उणे २५ अंश सेल्सिअसची थंडीही हे झाड सोसतं. अमेरिकेतली २६ राज्यं आणि कॅनडातल्या ओंटारिओचा दक्षिण भाग एवढा त्याचा मुलूख आहे.

पान मात्र अजून माहेरचं वळण विसरलेलं नाही. फूटभर लांब, खाली झुकलेलं, हिरवंगार. ओक आणि मेपलच्या रानात पॉपॉची दाट राई दिसली की आपण कोकणातल्या एखाद्या परसात आल्याचा भास होतो. हिवाळ्याआधी ही पानं पिवळी होऊन गळतात, आणि वसंतात पानं फुटायच्या आधी फांद्यांवर फुलं येतात.

डोळे कुठे गेले?

सीताफळाला डोळे का असतात? एका फुलात अनेक स्त्रीकेसर असतात. फळ धरताना ते सगळे एकमेकांना चिकटतात आणि एकच फळ तयार होतं. प्रत्येक डोळा म्हणजे एक स्वतंत्र स्त्रीकेसर. पॉपॉच्या फुलातही अनेक स्त्रीकेसर असतात, पण ते एकत्र येत नाहीत, प्रत्येकाचं वेगळं फळ होतं. त्यामुळे पॉपॉची साल गुळगुळीत असते आणि एकाच फुलापासून फळांचा घोस लटकतो, कधी तीन-चार, कधी त्याहून जास्त. सीताफळ म्हणजे एकत्र कुटुंब, पॉपॉ म्हणजे त्याच वाड्यात वेगळ्या चुली.

फूल बघावं, हुंगू नये

फूल दिसायला देखणं. गडद मरून रंगाच्या सहा पाकळ्या, तीन आत, तीन बाहेर, तोंड खाली. वास मात्र आंबलेल्या पिठाचा, थोडा नासलेल्या मांसाकडे झुकणारा. मधमाश्या इकडे फिरकत नाहीत, येतात माश्या आणि भुंगेरे. रंग आणि वास दोन्ही त्यांच्यासाठीच.

पण माश्या काही मधमाश्यांसारख्या मन लावून काम करत नाहीत. त्यात फुलातला स्त्रीभाग आधी तयार होतो आणि परागकण नंतर सुटतात. त्यावर आणखी एक अट अशी की स्वतःच्या परागकणांनी फळ सहसा धरत नाही. रानात मुळांतून फुटवे येत येत मोठी राई होते, पण ती सगळी एकाच झाडाची पिल्लं. राई दिसते दाट, फळ एकही नाही! म्हणून बागायतदार जुने उपाय करतात. कुणी फुलोऱ्याच्या दिवसांत झाडाखाली कुजकं मांस टांगून माश्यांना आवतण देतं. ज्यांना शेजाऱ्यांशी संबंध टिकवायचे आहेत, ते मऊ ब्रश घेऊन एका झाडाचे परागकण दुसऱ्या झाडाच्या फुलावर टेकवतात. सीताफळाच्या फुलातही स्त्रीभाग आधी आणि पराग नंतर असाच क्रम असतो. तिथेही भुंगेरे कमी पडले तर ब्रशने हाताने परागीकरण करता येतं.

चव

केळं, पिकलेला आंबा आणि मागून किंचित अननस. पॉपॉ खाल्लेला जवळजवळ प्रत्येक जण याच तीन फळांची नावं घेतो. मला त्यात सीताफळही लागलं, पण चवीत नव्हे, जिभेवर पसरण्याच्या पद्धतीत. सीताफळाचा गर रवाळ असतो आणि पाकळ्या-पाकळ्यांनी सुटतो. पॉपॉचा गर सलग, घट्ट, गार कस्टर्डसारखा. मी पहिलं पॉपॉ मेरीलँडमधल्या एका आठवडी बाजारात घेतलं. विकणाऱ्या बाईंनी ते मधोमध आडवं कापून हातात दिलं, चमचा दिला आणि बजावलं, ‘साल खायची नाही, बी चावायची नाही.’ साल कडवट असते आणि तिच्या लगतचा गरही. म्हणून मधला मऊ भाग आधी खावा आणि सालीपाशी आलं की हात आवरावा. बिया चोखून बाजूला काढण्याचं कसब तर आपल्याला लहानपणापासून येतं.

सगळी झाडं सारखी गोड नसतात. रानातल्या काही फळांची चव मागाहून कडू होते, काही पुळचट निघतात, आणि एखादं असं निघतं की डोळे मिटून खावं. एकदा खाऊन न आवडलेल्यांनी दुसऱ्या झाडाचं जरूर खाऊन बघावं.

पिकलं कसं ओळखायचं?

रंगावर जाऊ नका. काही पिकल्यावर पिवळसर होतात, काही हिरवीच राहतात. हलकेच दाबावं. पिकल्या आंब्यासारखं बोट किंचित दबलं आणि खोलीभर गोड वास पसरला की झालं. सीताफळाचा डोळा उघडला की तोडून आढीत घालतात. पॉपॉ मात्र कच्चं तोडून आढी घातली तरी पिकत नाही, फळ थोडं तरी मऊ व्हायला लागलेलं हवं. जाणकार झाड हलकेच हलवतात, जे पडेल ते तयार. पॉपॉच्या राईत खाली पडलेली फळं वेचण्याचं एक जुनं अमेरिकन बालगीत आहे, आणि त्यातलं वेचणं अगदी शास्त्रशुद्ध आहे.

मोहिमेचा शिधा संपला तेव्हा

सप्टेंबर १८०६. लुईस आणि क्लार्क यांची तुकडी पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत जाऊन मिसुरी नदीतून परत येत होती. अमेरिकेच्या इतिहासातली ही सर्वांत गाजलेली शोधमोहीम. सेंट लुईस काही दिवसांवर आलं होतं आणि शिधा संपला होता. शिकारीसाठी थांबावं तर वेळ जाणार, आणि सगळ्यांना घराची ओढ. नदीकाठी पॉपॉ लगडलेले होते. क्लार्कने रोजनिशीत नोंद केली आहे की माणसं पॉपॉवर भागवत आहेत आणि त्यात समाधानी आहेत. २३ सप्टेंबरला तुकडी सेंट लुईसला पोचली.

त्याच दिवसांत काहींचे डोळे सुजल्याचीही नोंद आहे. फळांचा रस लागलेला हात डोळ्यांना लागला असावा, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेली तर काय होतं हे माहीत असलेल्यांना हा तर्क पटण्यासारखा आहे.

अर्थात क्लार्कच्या कितीतरी आधीपासून हे फळ तिथल्या मूळ रहिवाशांच्या आहारात होतं. शॉनी लोकांच्या वर्षगणनेत तर पॉपॉचा महिना होता, साधारण आपला भाद्रपद. झाडाच्या आतल्या सालीच्या धाग्यांपासून दोर आणि मासेमारीची जाळी विणली जात. जॉर्ज वॉशिंग्टनने १७८५ साली माउंट व्हर्ननच्या आपल्या बागेत पॉपॉ लावलं, आणि जेफरसनच्या माँटिचेलोतही ते होतं.

उवांवर इकडेही तोच इलाज, तिकडेही तोच

सीताफळाच्या बिया वाटून केसांना लावण्याचा उवांवरचा इलाज आपल्याकडे घरोघरी ठाऊक होता. तिकडे हजारो मैलांवर, आपल्याशी काडीचाही संपर्क नसताना, अमेरिकेतले मूळ रहिवासी पॉपॉच्या बियांची पूड याच कामासाठी मुलांच्या डोक्याला लावत. दोन्ही बियांत असिटोजेनिन या गटातली कीटकनाशक द्रव्यं असतात. इलाज जुना असला तरी ही पूड डोळ्यांत गेली तर गंभीर इजा होते, तेव्हा तो आता करू नये.

फक्त पॉपॉच खाणारी अळी

झेब्रा स्वॅलोटेल हे फुलपाखरू पांढऱ्यावर काळे पट्टे आणि लांब शेपट्या असलेलं. त्याच्या अळ्या पॉपॉच्या कुळातलीच पानं खातात, दुसरं काही नाही. पॉपॉ नाही तर हे फुलपाखरूही नाही. पानांतलं विष अळीच्या अंगात मुरतं आणि पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. हरणंही हे पान टाळतात. टेनेसी राज्याने झेब्रा स्वॅलोटेलला आपलं राज्य फुलपाखरू केलं आहे.

मुंबई-पुण्यात उंच अशोकाच्या किंवा सीताफळाच्या पानांवर हिरव्या ठिपक्यांचं, भिरभिरणारं ‘टेल्ड जे’ फुलपाखरू बसलेलं बघितलं असेल. त्याच्या अळ्याही याच कुळाच्या पानांवर वाढतात. ही दोन्ही फुलपाखरं एकाच गोतातली आहेत. झाडांचं नातं समुद्रापार टिकलं आणि त्यावर जगणाऱ्या फुलपाखरांचंही.

१९१६ : एक फळ जिंकलं, एक राहून गेलं

या फळाच्या कहाणीतला मला सर्वांत चटका लावणारा भाग हा. १९१६ साली अमेरिकन जेनेटिक असोसिएशनने देशभर आवाहन केलं, की तुमच्या भागातलं उत्तम पॉपॉ पाठवा. सर्वांत मोठ्या झाडाला ५० डॉलर आणि सर्वोत्तम फळाला ५० डॉलर बक्षीस. त्या काळात ही लहान रक्कम नव्हती. अनेक राज्यांतून फळं आली. कलमं करून चांगले वाण पसरवावेत आणि पॉपॉ बाजारात आणावं, हा हेतू होता.

त्याच वर्षी न्यू जर्सीत एलिझाबेथ व्हाइट आणि वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी लागवडीच्या ब्लूबेरीचं पहिलं पीक विकलं. ब्लूबेरीसुद्धा तोवर रानातलंच फळ. दोन रानफळं एकाच वर्षी बाजाराच्या दारात उभी राहिली. आज ब्लूबेरी मुंबईच्या मॉलमध्येही डबीत मिळते, आणि पॉपॉ ओहायोतल्याच कित्येक शहरांत मिळत नाही.

चवीत पॉपॉ कमी पडलं नाही, कमी पडलं ते प्रवासात. पिकलेलं फळ बाहेर दोन-तीन दिवस टिकतं. साल पातळ, जरा धक्का लागला की काळी पडते. कच्चं तोडून पाठवायची सोय नाही. आणि नेमकं त्याच काळात मध्य अमेरिकेतून जहाजं भरभरून केळी यायला लागली होती. स्वस्त, जाड सालीची, हिरवी तोडून बंदरात पिकवता येणारी. इंडियानात पॉपॉला एकेकाळी इंडियाना केळं म्हणत. खरं केळं दोन पैशांना मिळायला लागल्यावर रानात जाऊन फळं वेचणार कोण?

एका घासाचा परिणाम

सत्तरच्या दशकात वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात नील पीटरसन हा तरुण वनस्पती-आनुवंशिकी शिकत होता. नदीकाठी त्याला पडलेलं पॉपॉ मिळालं, त्याने ते खाल्लं, आणि त्याला प्रश्न पडला की रानात आपोआप वाढलेलं फळ इतकं उत्तम असेल, तर सफरचंदासारखी यावर माणसांनी मेहनत घेतली तर काय होईल? त्याने जुने कागद चाळले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हौशी लोकांनी जमवलेल्या उत्तम वाणांच्या बागा कुठे होत्या, त्यांतली किती झाडं उरली आहेत, हे तो शोधत हिंडला. त्यांच्या बिया आणून मेरीलँड विद्यापीठाच्या जमिनीवर सुमारे १,५०० रोपं लावली. मग वर्षानुवर्षं चाखणं, मोजणं, बाद करणं. त्याला हव्या होत्या मोठ्या फळात कमी बिया, टणक गर आणि शेवटी कडवटपणा न येणारी चव.

निवडून उरलेल्या मोजक्या वाणांना त्याने अमेरिकेतल्या नद्यांची नावं दिली. शेनँडोआ, सस्क्वेहाना, रॅपाहॅनॉक, पोटोमॅक, अलेघेनी, वॉबॅश. मूळ रहिवाशांच्या भाषांतून आलेली ही नावं त्यांच्या या फळाला शोभतात. आज घरामागे पॉपॉ लावणारा बहुतेक जण यांतलंच एखादं कलम शोधतो. केंटकी स्टेट विद्यापीठात १९९० पासून पॉपॉवर संशोधन चालतं, आणि देशभरातल्या पॉपॉच्या वाणांचा संग्रहही तिथेच सांभाळला जातो.

हे वाचताना बार्शी तालुक्यातलं गोरमाळे आठवल्याशिवाय राहत नाही. तिथल्या नवनाथ कसपटे यांनी सीताफळाच्या झाडांमधून निवड करत एनएमके-१ गोल्डन हा वाण पुढे आणला, कमी बियांचा, जास्त गराचा आणि तोडल्यावर जास्त टिकणारा. दोघांनीही आपापल्या फळाची नाजूक बाजू हेरून तिच्यावरच वर्षं घातली.

पॉपॉची जत्रा

ओहायोत ऑल्बनी गावाजवळ स्नोडेन तळ्याकाठी १९९९ पासून दर सप्टेंबरात पॉपॉ महोत्सव भरतो. सर्वांत मोठं पॉपॉ, सर्वांत चवदार पॉपॉ, पॉपॉ खाण्याची शर्यत. पॉपॉची बिअर आणि आईस्क्रीमही. २००९ साली ओहायोने पॉपॉला राज्याचं देशी फळ जाहीर केलं.

बेताने खावं

पॉपॉच्या गरात अ‍ॅनोनासिन नावाचं द्रव्य असतं. मेंदूच्या पेशींवर त्याचा वाईट परिणाम होतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. १९९९ साली कॅरिबियनमधल्या ग्वाडेलूप बेटावरच्या डॉक्टरांनी पार्किन्सनसारख्या आजाराचा संबंध याच कुळातली फळं आणि पानांचा काढा सतत घेण्याशी जोडला होता. कारण पक्कं सिद्ध झालेलं नाही, आणि हंगामात चार फळं खाणाऱ्याने घाबरू नये. पण रोज वाटीभर, बाराही महिने, असा नेमही करू नये. काहींना पॉपॉ खाऊन मळमळतं, विशेषतः वाळवून पोळी केलेलं किंवा शिजवलेलं. पहिल्यांदा खाताना थोडंच खावं.

बासुंदी

गराला आच लावली की सुगंध जातो. सीताफळ रबडी करणाऱ्यांना हे सांगायला नको, आपणही दूध आटवून पूर्ण गार करतो आणि मगच गर मिसळतो. पॉपॉलाही तोच न्याय. गर चाळणीवर घासून बिया आणि साल वेगळी करायची, दूध निम्म्यावर आटवून फ्रिजमध्ये गार करायचं, मग गर घालायचा. साखर हात राखून, कारण फळ मुळातच गोड. वेलदोडा घालू नका, पॉपॉचा स्वतःचा वास त्याखाली दबतो. गर डब्यात भरून गोठवला तर महिनोन्‌महिने राहतो, म्हणजे सप्टेंबरचं पॉपॉ दिवाळीत वाढता येतं.

लावायचं असेल तर

महाराष्ट्रात जमणार नाही. झाडाला हिवाळ्यात सुमारे ४०० तास कडक गारवा लागतो, तेवढा महाबळेश्वरातही मिळत नाही. सफरचंद पिकणाऱ्या हवेत हे झाड सुखाने राहतं. पण न्यू जर्सी, ओहायो, मेरीलँडमध्ये घर केलेल्या आणि परसात काय लावावं या विचारात असलेल्या मराठी मंडळींसाठी हे झाड अगदी योग्य आहे. फवारणी फारशी लागत नाही.

फळ खाल्ल्यावर बिया वाळू देऊ नका, वाळली की बी मेली. ओल्या शेवाळात किंवा ओल्या कागदात गुंडाळून, पिशवीत घालून फ्रिजमध्ये सत्तर ते शंभर दिवस ठेवा, फ्रीझरमध्ये मात्र नाही. मग खोल कुंडीत पेरा, कारण सोटमूळ लांब जातं. पेरल्यावर कोंब दिसत नाही म्हणून कुंडी उपसू नका. आधी मूळ खाली उतरतं आणि वर हिरवं दिसायला त्यानंतर कित्येक आठवडे लागतात. पहिली एक-दोन वर्षं कोवळ्या रोपाला थेट ऊन सोसत नाही, सावली हवी. मोठं झाल्यावर मात्र भरपूर ऊन द्या, सावलीत झाड जगतं पण फळ कमी धरतं. रानातून फुटवा उपटून आणायच्या फंदात पडू नका, त्याला स्वतःची मुळं फार थोडी असतात आणि तो बहुधा वाळतो. बियांपासून पहिलं फळ यायला पाच ते आठ वर्षं, कलमाला तीन-चार. आणि कमीत कमी दोन लावा, वेगवेगळ्या वाणांची. एका वाणाची दोन कलमं म्हणजे झाडाच्या लेखी एकच.